माझ्या नावाने स्टेक

गुपित कसं ठेवायचं ते कुणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं. कॅनडातल्या आमच्या हॅलबर्न गावातल्या जवळजवळ सगळ्यांचे दात मी साफ करते. मेयरबाईंच्या तोंडात त्यांचे स्वतःचे दात किती आणि विकतचे किती, हे मला माहीत आहे. फादर चोरून तंबाखू चघळतात, हेही. शाळेचे हेडमास्तर झोपेत दात खातात आणि बायको बहिणीकडे राहायला गेली की खात नाहीत, हे तर त्यांच्या दाढाच सांगतात. यातलं एक अक्षर कधी माझ्याकडून बाहेर गेलेलं नाही. म्हणून कोल्बी ब्रँडव्होल्डने माझे फोटो गावात वाटले तेव्हा मी स्वतःला म्हटलं, टेरिन, बाकीच्यांचं इतकं सांभाळलंस, आता तुझं स्वतःचं सांभाळ. गुपचूप निस्तरू. कुणाला पत्ता लागणार नाही.

हे मी सकाळी गाडी सुरू करताना म्हटलं. दवाखान्यात पोचून कोट काढेपर्यंत डार्लीनने मला घट्ट मिठी मारली होती.

"बाई माझी," ती म्हणाली, "मला सगळं कळलंय."

डार्लीन आमच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. ती माझ्या आईची जिवलग मैत्रीण. शिवाय गावच्या हॉलची कमिटी म्हणजे डार्लीन, चर्चचा गायकवर्ग म्हणजे डार्लीन, आणि कुणाकडे काही बरंवाईट झालं तर पहिला फोनही डार्लीनचाच.

"तुला कसं कळलं?"

"अगं, सकाळपासून फोन येतायत! एकजण रेजायनाहून विचारत होता, ती मुलगी शनिवारी भेटते का. मी म्हटलं, शनिवारी बंद, मंगळवारी सकाळची वेळ आहे, दात साफ करायचेत की काढायचाय? तर तो हसायलाच लागला. मग दुसऱ्याने सांगितलं कुठे बघायचं ते."

"आणि तू बघितलंस?"

"खात्री करायला नको का? दुसरीच कुणी टेरिन असती तर!"

झालं होतं ते असं. कोल्बी आणि मी चार वर्षं एकत्र राहिलो. शेवटी मला त्याचा आवाज स्वयंपाकघरात आला तरी मी बाथरूमची कडी लावून बसायला लागले, तेव्हा मी घर सोडलं. फोटो आमच्या दोघांतले होते. काही मी त्याला पाठवलेले, काही त्याने काढलेले, आणि काही त्याने काढलेत हे मला माहीतच नव्हतं. ते सगळे त्याने आमच्या फायर ब्रिगेडच्या ग्रुपवर टाकले. कोल्बी तिथला कॅप्टन. कुणाच्या कोठाराला आग लागली की त्या ग्रुपवर निरोप येतो, आणि निम्मी माणसं तो बघतसुद्धा नाहीत. त्या दिवशी सगळ्यांनी बघितला. तिथून कुणीतरी, किंवा त्यानेच, ते एका वेबसाइटवर चढवले. खाली माझं नाव, गाव आणि दवाखान्याचा नंबर.

कोल्बीचं म्हणणं, चुकून गेले. पंपाचा फोटो पाठवायचा होता म्हणे.

त्या सकाळी डार्लीनच्या खांद्यावर डोकं ठेवून मला एकाच माणसाची काळजी लागली होती. माझे वडील, ओरेस्ट; मी त्यांना तातो म्हणते. आई गेल्यापासून ते हिवाळा ॲरिझोनात काढतात, यूमाच्या ट्रेलर पार्कात, आमच्याकडच्या बाकी म्हाताऱ्यांबरोबर. बर्फ वितळलं की परत येतात. गाव गेलं खड्ड्यात; पण जगात एक तरी चेहरा असा हवा होता, ज्याच्याकडे बघताना मला विचार करावा लागणार नाही, की याने बघितलं असेल का. तातो मला अजून दोन्यू म्हणतात. आमच्या युक्रेनियन घरांत लहान लेकीला म्हणतात तसं. मी चौतीस वर्षांची आहे.

"डार्लीन, तातोला कळता कामा नये."

"माझ्याकडून? वेडी आहेस का?" डार्लीन म्हणाली. आणि खरंच, तिच्याकडून कळलं नाही. तिने काय केलं ते पुढे येईलच.

*

त्या आठवड्यात मला एक नवीन गोष्ट कळली. ज्यांनी फोटो बघितलेत ती माणसं ओळखायची असतील तर काही विचारायचं नाही. ती स्वतःहून सांगतात.

"मी काही बघितलं नाही हं," गॅरी वोल्चुक खुर्चीत आडवा होता होता म्हणाला.

"तोंड उघड, गॅरी."

"नाही, म्हणजे लोक बोलतात, पण मी तसल्या गोष्टी—"

"मोठं उघड."

को-ऑप दुकानातला कॅशियर म्हणाला, मी बघितलं नाही. पोस्टातली बाई म्हणाली, आमच्या ह्यांनी बघितलं नाही. हेडमास्तर म्हणाले, असल्या गोष्टी बघणं माझ्या तत्त्वात बसत नाही, आणि मग मी हिरड्या तपासत होते तेवढा सगळा वेळ डोळे घट्ट मिटून पडून राहिले. आतापर्यंत ते नेहमी छताकडे बघायचे. काही बायकांनी वेळा रद्द केल्या. काही पुरुषांनी नवीन घेतल्या. एक म्हातारा, ज्याच्या तोंडात दातच नाहीत, तो साफ करून घ्यायला आला. डार्लीनने त्याला वेळ दिली, कारण वेळ शिल्लक होती.

एकाने मी वाकले असताना माझ्या कमरेला हात लावला. मी सरळ झाले. तो म्हणाला, "सॉरी, मला वाटलं..." काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. मी पाणी ओढायची नळी त्याच्या तोंडात ठेवली आणि बाहेर जाऊन बेसिनपाशी उभी राहिले. नळी आपली गुरगुरत राहिली. मी परत आले तेव्हा तो तसाच होता. मी त्याचे उरलेले दात साफ केले. दुसरं काय करायचं मला सुचलं नाही.

*

पोलिसात गेले. आमच्याकडे एकच कॉन्स्टेबल असतो, कोवळा, दूरच्या प्रांतातून आलेला. बदली होईपर्यंत थंडी मोजत बसतो. याचं नाव प्रिमो. वागायला फार चांगला. त्याने मला कॉफी दिली, दार लावलं, वही उघडली.

"मॅडम, असे फोटो तुम्ही काढू का दिलेत?" मग लगेच त्याने कपाळावर हात मारला. "सॉरी. हा प्रश्न विचारायचा नसतो. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय."

"बरं."

"खरंच सॉरी." त्याने पेन उघडलं. "पण का?"

मी कॉफी प्यायले.

त्याने कायदा सांगितला. हा गुन्हा आहे, तुरुंग होऊ शकतो, कोल्बीचं ‘चुकून’ इथं टिकणार नाही. ऐकून बरं वाटलं. मग तो म्हणाला की पुरावा म्हणून पानं छापून फाइलला लावावी लागतात, आणि त्याने ती छापायला लावली. आम्ही दोघं प्रिंटरकडे बघत बसलो. काहीच आलं नाही.

"अरे देवा," प्रिमो म्हणाला.

ठाण्याच्या प्रिंटरची शाई संपली होती. अशा वेळी पानं आपोआप भिंतीपलीकडच्या प्रिंटरवर जातात. भिंतीपलीकडे गावचं ऑफिस आहे. तिथं लोक पाण्याचं बिल भरतात, कुत्र्यांची लायसन्सं काढतात.

प्रिमो धावत गेला. मी त्याचे बूट कॉरिडॉरमध्ये ऐकले, मग एक दार, मग बराच वेळ काहीच नाही. तो परत आला तेव्हा पानं त्याने शर्टाच्या आत कोंबली होती.

"दोघंच होते," तो म्हणाला. "त्यातल्या एकाला मोतीबिंदू आहे."

मग तो म्हणाला, जबाबावर सही करा, मग कोल्बीला बोलावतो. प्रकरण कोर्टात उभं राहील. तुमचं नाव छापायला बंदी घालता येते, पण गाव लहान आहे मॅडम, वडिलांना वगैरे...

वडील म्हटल्यावर मी पेन खाली ठेवलं.

"नंतर येते," मी म्हणाले.

"नक्की या. मी इथंच असतो," प्रिमो म्हणाला. "कुठं जाणार?"

*

असे फोटो पसरलेल्या बायकांसाठी मदतीचा एक नंबर असतो, तिथं मी फोन केला तो एक्स-रेच्या खोलीतून. आख्ख्या दवाखान्यात तेवढीच खोली अशी, की आतलं बाहेर जात नाही. भिंतींत शिसं आहे. फोनला रेंज मिळावी म्हणून मला स्टुलावर चढून डोकं छतापाशी न्यावं लागलं. थंडी वाजत होती म्हणून पेशंटला घालतात तो शिशाचा जड ॲप्रन अंगावर घेतला होता.

पलीकडे लुआन नावाची बाई होती, विनिपेगची. आवाजावरून साठीची, सिगारेट ओढणारी.

"आत्ता तू सुरक्षित आहेस का?" तिने आधी हे विचारलं.

"स्टुलावर उभी आहे."

"उतर गं बाई आधी."

"उतरले तर तुझा आवाज येत नाही."

"मग धरून उभी राहा कशाला तरी."

मी एक्स-रे मशीनचा हात धरला. लुआनने मला का, कसे, कशाला, काही विचारलं नाही. तिने काय करता येतं ते सांगितलं. फोटो कुणालाही पाठवायचे नाहीत, तिलासुद्धा नाही. माझ्याच फोनवर प्रत्येक फोटोचा एक नंबर तयार होतो, अंगठ्याच्या ठशासारखा. तो नंबर मोठ्या साइट्सना जातो, आणि त्या नंबराचा फोटो कुणी चढवायला गेला तर त्या अडवतात. सगळ्या साइट्स ऐकत नाहीत. काही पुन्हा उगवतात. "तणासारखं आहे," लुआन म्हणाली. "उपटत राहायचं. मी आहे बरोबर."

मग म्हणाली, "आणि ऐक. तुझी काही चूक नाही."

इतक्या दिवसांत हे कुणी म्हणालंच नव्हतं. डार्लीन म्हणाली होती, होतं असं. प्रिमो म्हणाला होता, सॉरी. फादर म्हणाले होते, देव क्षमा करतो, पण क्षमा कुणाला, ते सांगितलं नव्हतं. मी स्टुलावर शिशाचा ॲप्रन घालून उभी राहून रडले. रडताना तो ॲप्रन फार जड लागतो.

"तिथं तुझं कुणी आहे का?" लुआनने विचारलं.

"सगळं गाव आहे."

"गाव नको. एक माणूस सांग. तू सांगशील तेवढंच करणारं."

मी विचार करत राहिले. तेवढ्यात दार उघडून डार्लीन आत आली. "इथं आहेस होय! ऐक, मी तुझ्यासाठी स्टेक ठेवतेय."

*

आमच्याकडे कुणावर संकट आलं की गाव स्टेक ठेवतं. गाडी उलटली, घर जळलं, मूल आजारी पडलं, की हॉल घ्यायचा, स्टेक भाजायचे, फॉइलमधले बटाटे, कोबीचं सॅलड, पेरोगी म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आणि सगळ्यांनी यायचं. आईच्या कॅन्सरच्या वेळीही झालं होतं. आमच्या लोकांना शोक करता येत नाही, बोलता येत नाही, मिठी मारताना कोपर मध्ये येतं. स्टेक मात्र येतो. त्यामुळे दुःख कसलंही असो, औषध एकच.

"डार्लीन, नको. प्लीज."

"हॉल मिळालाय."

"अगं, लोकांना काय सांगणार आहेस? कशासाठी जेवण?"

डार्लीन खुर्चीत बसली. हा विचार तिने केला नव्हता.

"तुझं बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. "कारण नाही लिहायचं. आब राखून करू."

मी आणखी भांडायला हवं होतं. पण मला वाटलं, भांडले तर आणखी बोभाटा. एक संध्याकाळ खाली मान घालून काढू, लोक पोटभर जेवतील, विषय संपेल, तातो परत येईपर्यंत गावाला दुसरं काहीतरी चघळायला मिळेल. हा माझा हिशोब.

दोन दिवसांनी पोस्टात, पेट्रोल पंपावर, को-ऑपच्या दारावर आणि फेसबुकवर पोस्टर लागलं. आईच्या वेळचंच. डार्लीनने फक्त नाव आणि फोटो बदलला होता. वर लिहिलं होतं, ‘टेरिनच्या कठीण काळात आपण सगळे तिच्या पाठीशी’. खाली प्रार्थना करणारे दोन हात, आणि कोपऱ्यात ती कॅन्सरची गुलाबी रिबीन, जी काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ज्यांना कारण माहीत होतं त्यांना वाटलं, किती आब राखून केलंय. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी रिबीन बघितली. आजूबाजूच्या गावांतून दवाखान्यात फुलं यायला लागली. एका बाईने टोपी विणून पाठवली, केस गेल्यावर घालायला. मी लोकांना सांगायचा प्रयत्न केला की मला काही झालेलं नाही, तर ते माझा हात दाबून म्हणायचे, "किती धीराची पोर आहे." आणि खरं काय ते सांगायचं म्हटलं तर मग कोण सांगणार?

तातोचा फोन आला.

"दोन्यू, कशी आहेस?"

"मजेत, तातो. मला काय होतंय?"

मागे कुठेतरी म्हातारे पत्त्यांवरून भांडत होते.

"तुझी आईपण असंच म्हणायची," तातो म्हणाले, आणि फोन ठेवला.

मला वाटलं, आईची आठवण आली असेल बिचाऱ्यांना.

*

स्टेकच्या संध्याकाळी हॉल भरला होता. बाहेर नाकातले केस गोठतील अशी थंडी, आत काचांवर वाफ. मला दारापाशी उभं केलं होतं. लोक येत होते, हात मिळवत होते.

"खंबीर राहा."

"थँक यू."

"मी काही बघितलं नाही हं."

"थँक यू."

म्हातारी मिसेस सोरोका माझा गाल धरून म्हणाली, "किती छान दिसतेस गं या ड्रेसमध्ये." मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे... ड्रेस नसताना नाही असं नाही... म्हणजे मला म्हणायचं होतं..." तिच्या सुनेने तिला बटाट्यांकडे नेलं.

प्रिमोही आला होता, गणवेशात. तो माझ्याशी बोलला नाही, फक्त मान हलवली आणि ताट घेऊन कोपऱ्यात बसला.

मी पाणी प्यायला किचनमध्ये गेले. मागची खिडकी पुसून बाहेर बघितलं. मागच्या अंगणात मोठी शेगडी पेटली होती आणि वाफेत, फायर ब्रिगेडचं जॅकेट घालून, हातात लांब चिमटा घेऊन कोल्बी स्टेक उलटत होता.

"डार्लीन."

"काय गं?"

"कोल्बी भाजतोय."

"मग? दरवेळी तोच भाजतो."

"डार्लीन, हे जेवण त्याच्यामुळे आहे."

"तेच तर," डार्लीन म्हणाली. "त्यालाही वाईट वाटतंय. स्वतःहून आला बिचारा. आणि खरं सांग, मीडियम-रेअर दुसऱ्या कुणाला जमतं इथं? मागच्या वेळी गॅरीने भाजले तर चपला झाल्या होत्या."

किचनमधल्या बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. चपला झाल्याच होत्या. मी त्या बायकांकडे बघितलं. सगळ्यांनी माझ्यासाठी सकाळपासून बटाटे गुंडाळले होते. एकीचा हात भाजला होता. त्या वाईट नव्हत्या, हेच वाईट होतं. वाईट असत्या तर मी ओरडले असते.

मी परत खिडकीकडे वळले तेव्हा अंगणात तातोची गाडी उभी होती.

ओळखायला वेळ लागला, कारण ती चिखलामिठाने पांढरी झाली होती. यूमाहून सरळ चालवत आणली होती, वाटेत फक्त पेट्रोलला थांबून. तातो उतरले. त्यांनी टोपी काढली, आणि डोक्यावर एक केस नव्हता. चकचकीत टक्कल. आमच्याकडे घरात कुणाला कॅन्सर झाला की घरचे डोकं भादरतात. आईच्या वेळीही त्यांनी भादरलं होतं, आणि फेसबुकवरचं रिबिनीचं पोस्टर यूमापर्यंत पोचलं होतं.

मागच्या दाराला यायला शेगडीवरून यावं लागतं. तातो कोल्बीपाशी थांबले. काय बोलले ते काचेतून ऐकू आलं नाही. पण त्यांनी कोल्बीचा हात दोन्ही हातांत धरला. आम्ही वेगळे झालो तरी हा माझ्या पोरीसाठी या थंडीत उभा आहे, असं काहीतरी ते म्हणाले असणार. मग त्यांनी त्याला मिठी मारली. कोल्बीने एका हाताने चिमटा लांब धरला, आणि दुसऱ्या हाताने तातोच्या पाठीवर थोपटलं.

मी कोट न घालता बाहेर गेले.

"तातो, सोडा त्याला."

"दोन्यू! अगं आत जा, या अवस्थेत थंडी..."

"मला कॅन्सर नाही."

तातोंनी कोल्बीला सोडलं नव्हतं. त्यांचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता.

"मला काहीही झालेलं नाही. याने माझे नागडे फोटो काढले होते. ते याने सगळ्यांना पाठवले. इंटरनेटवर टाकले, नावासकट. हॉलमध्ये जेवतायत ना, त्या सगळ्यांनी बघितलेत. हे जेवण त्यासाठी आहे."

जी गोष्ट त्यांना कळू नये म्हणून मी एवढं सगळं सहन केलं होतं, ती मी स्वतःच सांगितली. दोन-चार वाक्यांत, वाफेत उभी राहून.

"चुकून गेले होते, ओरेस्ट," कोल्बी म्हणाला.

तातोंनी त्याच्याकडे बघितलं नाही. "कॅन्सर नाही?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"नक्की? तपासण्या केल्यास?"

"तातो, नाहीच आहे."

ते खाली बसले. बर्फातच, स्टेकच्या रिकाम्या खोक्यांवर. हातात टोपी होती ती तोंडावर धरली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. मला वाटतं त्यांनाही कळत नव्हतं. मी त्यांचा चेहरा बघायला थांबले होते. टोपी खाली आली की मला कळणार होतं, आता ते माझ्याकडे कसं बघणार. मला इतकी भीती आयुष्यात कशाची वाटली नाही.

"ओरेस्ट," कोल्बी म्हणाला, "तुमचा कसा करू? मीडियम?"

टोपी खाली आली. तातोंच्या पापण्यांवर बर्फ धरला होता. ते म्हातारे दिसत होते, फार दमलेले, आणि पूर्वी कधी न बघितलेल्या कुणाकडे बघावं तसं ते बघत होते, पण कोल्बीकडे.

"कोट घाल," ते मला म्हणाले. "कुठं जायचंय?"

"पोलिसात. जबाब द्यायचा राहिलाय."

"चल."

डार्लीन मागच्या दारात आली होती. "अरे ओरेस्ट! कधी आलास? असा कसा न जेवता—" तिने आमच्याकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच वाक्य अर्धं ठेवून ती आत गेली. एका मिनिटात माझा कोट घेऊन बाहेर आली. बरोबर फॉइलमध्ये गुंडाळलेले दोन बटाटे होते. आम्ही ते घेतले.

*

गाडीत हीटर चालू होता. तातो गावातून गाडी चालवतात तशी हळू चालवत होते, दोन्ही हात चाकावर.

"यूमाला हार्वी आहे ना," ते म्हणाले. "शेजारचा."

"हं."

"तो म्हणाला, ओरेस्ट, तुझ्या पोरीचे फोटो आलेत माझ्या फोनवर. बघायचेत का?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"मला वाटलं, एक्स-रे असतील," तातो म्हणाले. "मी म्हटलं नको. बायकोचे बघितलेत, ते पुरे झाले."

धान्याची कोठारं मागे गेली. को-ऑप बंद होतं. दारावर माझं पोस्टर होतं, तातोंनी गाडी थांबवली, उतरले, ते फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि परत येऊन बसले.

"हार्वी म्हणाला, खरंच नको? मी म्हटलं, खरंच नको. तर तो म्हणाला, तू मोठ्या मनाचा माणूस आहेस." त्यांनी गिअर टाकला. "परत गेलो की त्याच्याकडे बघतो."

"तातो, मारामारी नको."

"मारामारी कसली? त्याचा गुडघा गेलाय. नुसता बघतो."

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही, आणि तातोंनी एक हात चाकावरून काढून माझ्या डोक्यावर ठेवला. लुआनला सांगायला हवं, असं मला वाटलं. एक माणूस आहे.

"मी सही करेपर्यंत तुम्ही थांबाल?"

"बाहेर थांबतो. तू म्हणशील तर आत येतो. नाही म्हणालीस तर गाडीत बसतो, बटाटा खातो."

"आत या. पण पाठ फिरवून बसा."

"बसतो."

ठाण्यात दिवा चालू होता. आम्ही उतरलो. पायऱ्यांवर बर्फ होतं, तातोंनी माझं कोपर धरलं. दार बंद होतं. काचेच्या आतून एक कागद चिकटवला होता, प्रिमोच्या अक्षरात.

‘टेरिनच्या जेवणाला गेलो आहे. तातडीचं काम असेल तर हॉलवर यावे.’

तातोंनी ते दोनदा वाचलं. मग आम्ही परत हॉलवर गेलो.